घरातला रणगाडा

मैत्रिणींनो, या सदरात आतापर्यंत मिक्सर झाला, इस्त्री झाली, शिवणयंत्र झाले आणि गळका नळ तर तीनदा झाला. आज आपल्याला एक रणगाडा दुरुस्त करायचा आहे. हसू नका! पोळपाटाहून थोडा लांब, रिमोटवर चालणारा, प्लॅस्टिकचा रणगाडा. तो एका घरात आला आणि आल्या दिवशीच बापलेकांत युद्ध पेटले. त्या घरातल्या गृहिणीने मला पत्र लिहिले. आमची तीन-चार पत्रे झाली. त्यांच्या संमतीने, नाव आणि गाव वगळून, ती हकिगत आणि तिच्यातून निघालेली दुरुस्तीची माहिती आज तुम्हाला सांगते.

बाई एका तालुक्याच्या गावात राहतात. यजमानांची पिठाची गिरणी आहे. मुलगा नववीत. घरात सासूबाई. मुलाने दोन दिवाळ्यांची ओवाळणी आणि वाढदिवसाचे पैसे साठवून, मोबाइलवरची जाहिरात पाहून, परगावच्या कुणाकडून तरी चार हजारांना हा जुना रणगाडा मागवला. खोके आले, उघडले, आणि रणगाडा नुसता स्वतःभोवती गिरक्या घेऊ लागला. एकच पट्टा चालतो, दुसरा ठप्प. विकणाऱ्याने फोन उचलणे बंद केले. वडील म्हणाले, "चार हजार पाण्यात घातलेस. दे तो भंगारवाल्याला." मुलगा म्हणाला, "पैसे माझे होते." त्या दिवसापासून दोघांचे बोलणे बंद. एकाचे ताट स्वयंपाकघरात, दुसऱ्याचे बाहेरच्या खोलीत. सासूबाईंचे तिसरेच म्हणणे, की लढाईची खेळणी घरात नकोतच. बाईंनी विचारले होते, "ताई, मी हा रणगाडा माळ्यावर टाकू, की भंगारात देऊ, की आणखी पैसे घालून दुरुस्त करू? मला तर त्यातले काही कळत नाही."

मी उलट टपाली लिहिले, की माळा नको, भंगार नको, आणि पैशाचे नंतर पाहू. आधी त्यातली बॅटरी कुठे आहे ते पाहा.

पहिले काम बॅटरीचे

मैत्रिणींनो, जुने कुठलेही बॅटरीवरचे खेळणे घरात आले, की रंग, चाके, आवाज यांच्याकडे नंतर पाहावे. आधी बॅटरी हातात घ्यावी. या रणगाड्यांत साधारण दोन जातींच्या बॅटऱ्या असतात. जुन्या मॉडेलांत निकेल जातीची, ७.२ व्होल्टची, सहा सेल एकत्र गुंडाळलेली असते. नव्यांत बहुधा लिथियम जातीची, ७.४ व्होल्टची, दोन सेलची. दोघींचे चार्जर वेगळे. निकेलच्या चार्जरवर लिथियमची बॅटरी लावणे म्हणजे दुधाचे पातेले मोठ्या आचेवर ठेवून बाजारात जाण्यासारखे आहे. फरक एवढाच, की इथे दूध नाही, आग उतू जाते.

बाईंचे पत्र आले तेव्हा माझ्या काळजाचा ठोका चुकला. आधीच्या मालकाने कधीतरी लिथियमची बॅटरी बसवली होती आणि खोक्यात चार्जर मात्र जुन्या निकेलचाच होता. मुलगा भोळेपणाने ती रात्रभर लावून ठेवी. कुठे? पलंगाखाली, गादीच्या कडेला. वडिलांना दिसू नये म्हणून! बॅटरी उशीसारखी फुगली होती.

फुगलेल्या बॅटरीबाबत चार गोष्टी पाठ करून ठेवा. तिला दाबू नये, टाचणी लावू नये, पुन्हा चार्ज करू नये आणि रोजच्या कचऱ्यात टाकू नये. तारेच्या टोकांवर चिकटपट्टी लावावी. कोरडी वाळू घातलेल्या मडक्यात किंवा पत्र्याच्या डब्यात ती ठेवावी, आणि तो डबा घराबाहेर, पडदे, लाकूड, गॅस यांपासून दूर ठेवावा. मग ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात द्यावी. २०२२ सालच्या नियमांप्रमाणे वापरलेल्या बॅटऱ्या परत घेऊन त्यांची नीट विल्हेवाट लावण्याची जबाबदारी बॅटरी बनवणाऱ्यांवर आहे, आणि घरच्या कचऱ्यातून त्या वेगळ्या काढण्याची आपल्यावर.

बॅटरी फुगलेली नसेल तर मल्टीमीटरने मोजावी. लिथियमची दोन सेलची बॅटरी भरली की ८.४ व्होल्ट दाखवते. महिनोन्महिने पडून ती ६ व्होल्टच्याही खाली गेली असेल, तर तिला जिवंत करण्याच्या भानगडीत पडू नये. नवी घ्यावी, तिच्याच जातीच्या चार्जरसकट. आणि चार्ज करायची ती फरशीवर, माणूस जागे असताना. गादीवर, उशीखाली, देव्हाऱ्याजवळ कधीही नाही.

या एका कारणासाठी तरी घरातल्या बाईने मुलाच्या खेळण्यात लक्ष घालावे असे मला वाटते. मुलगा लपवून चार्ज करत होता, कारण घरात त्या वस्तूचे नाव काढायची चोरी झाली होती. राग कितीही खरा असला, तरी वस्तू पलंगाखाली गेली की धोका वाढतो. बाईंनी सायंकाळी मुलाला जवळ बसवले आणि एवढेच सांगितले, "रणगाडा टेबलावर ठेव. सगळ्यांना दिसू दे. आपण दोघे बघू." अर्धी दुरुस्ती तिथेच झाली.

रिमोटची तपासणी

आता रिमोट. मागचे झाकण काढा. पेन्सिल सेल वर्षभर आत राहिले असतील तर स्प्रिंगवर पांढरा किंवा हिरवट थर साचलेला दिसेल. अल्कलाइन सेल गळले की असा थर येतो. तो खरवडू नका. हातमोजे घाला, कान साफ करायची कापसाची काडी व्हिनेगारमध्ये किंवा लिंबाच्या रसात किंचित बुडवा आणि थर पुसा. बारीक फेस येईल, येऊ द्या. मग पाण्याने ओलसर केलेल्या काडीने पुसून घ्या, कोरडे करा आणि स्प्रिंगला बारीक पॉलिश पेपर हलकेच लावा. लिंबाचे पाणी सर्किटवर ओघळू देऊ नका. काडी ओली हवी, ठिबकती नको.

लांब अँटेना बाहेर ओढायचा जुना रिमोट असेल तर अँटेना पुरता ओढलेला आहे ना, आतून तुटलेला नाही ना, ते पाहा. आखूड अँटेनाचे नवे रिमोट २.४ गिगाहर्ट्झवर चालतात आणि त्यांची जोडी त्यांच्याच जातीच्या सर्किटशी जमते. म्हणून "रिमोट हरवला आहे, दुसरा कुठलाही चालेल" असे विकणारा म्हणाला तर मान डोलवू नका. चालत नाही.

उघडण्यापूर्वी

टेबलावर जुनी पांढरी चादर घाला. पांढरीच, कारण पडलेला स्क्रू तिच्यावर दिसतो. जवळ इडलीपात्राची एक ताटली ठेवा. पुढचे स्क्रू पहिल्या वाटीत, मागचे दुसऱ्या, बुरुजाचे तिसऱ्या. दुरुस्तीची निम्मी भांडणे "हा स्क्रू कुठला?" यावरून होतात, ती इडलीपात्र मिटवते. प्रत्येक तार काढण्यापूर्वी मोबाइलवर फोटो घ्या. तार ओढून काढू नका, प्लॅस्टिकच्या पिनेला धरून काढा. आणि बॅटरी सर्वांत आधी बाहेर.

काही रणगाड्यांच्या तोफेतून ६ मिलिमीटरच्या प्लॅस्टिकच्या गोळ्या उडतात. लहान वाटतात, पण डोळ्याला लागली तर जन्माचे दुखणे. घरात लहान मूल, मांजर किंवा शेजारची चिल्लीपिल्ली असतील तर उघडलेच आहे तोवर त्या यंत्राची पिन काढून ठेवा. रणगाड्याच्या चालण्यात त्याने काही कमी पडत नाही. धूर सोडणारी छोटी शेगडीही असते. तिच्यात तेल तापून धूर होतो. कुणाला दम्याचा त्रास असेल तर तिचीही पिन काढा.

एकच पट्टा का चालतो?

रणगाड्याला सुकाणू नसते बरं का. डाव्या पट्ट्याला एक मोटर, उजव्याला एक. दोन्ही सारख्या फिरल्या की सरळ, एक थांबली की वळण, एक पुढे आणि एक मागे फिरली की जागच्या जागी गिरकी. म्हणजे एक बाजू मेली की रणगाडा गिरक्याच घेणार, त्यात नवल नाही. पण दोष कुठे? मोटरमध्ये, दातेरी चाकांत, की सर्किटमध्ये?

हे ओळखायला पैसे पडत नाहीत. सर्किटवर दोन मोटरींच्या दोन पिना असतात. त्यांची अदलाबदल करा. समजा डावी बाजू बंद आहे. अदलाबदलीनंतर डावी चालू लागली आणि उजवी बंद पडली, तर दोष सर्किटचा. अदलाबदल करूनही डावीच बंद राहिली, तर दोष डाव्या मोटरीचा, तारेचा किंवा चाकांचा. मग कान लावा. बंद मोटर अगदी गप्प असेल तर तार तुटली असेल किंवा मोटर गेली असेल. घुं-घुं करत असेल पण फिरत नसेल, तर तिला कुणीतरी धरून ठेवले आहे. लगेच रिमोट सोडा, नाहीतर मोटर जळेल.

बाईंच्या घरी मोटर घुमत होती. त्यांनी मुलाकडून डावा पट्टा काढून घेतला, चाकांचा डबा उघडवला, आणि आत काय निघावे? आधीच्या घरातल्या गालिचाचा धागा आणि कुणा बाईचे हातभर लांब केस, धुरीभोवती करकचून गुंडाळलेले! आपल्या घरात केर काढताना कुंच्याला जसे केस गुंडाळतात तसे. त्यांच्या ओढीने एका चाकाचे तीन दाते मोडले होते. केस कापायला शिवणाच्या पेटीतली धागे काढायची चिमुकली कात्री आणि चिमटा पुरला. मोडक्या चाकाला मात्र इलाज नाही. दाते चिकटवून टिकत नाहीत. त्या जोडणीचा नवा संच मागवावा लागतो. मागवताना मॉडेलचे नाव आणि जुन्या चाकांचा फोटो पाठवावा, दाते मोजून.

तार तुटलेली निघाली तर डाख द्यावा लागेल. २५ वॉटची सोल्डरिंग आयर्न त्याला पुरते. खिडकी उघडी ठेवा, पोळपाटावर किंवा जेवणाच्या टेबलावर हे काम करू नका आणि झाल्यावर हात साबणाने धुवा. डाखाच्या तारेत बहुधा शिसे असते. घरात दिवस गेलेली सून-लेक असेल तर तिने लांबच राहावे. हे जमत नसेल तर मोबाइल दुरुस्तीवाला पाच मिनिटांत करून देतो, त्यात कमीपणा नाही.

वंगण किती?

जुने वंगण चिकट, काळे झालेले असते. मोटर बाजूला काढून उरलेला प्लॅस्टिकचा डबा आणि चाके कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाने जुन्या टूथब्रशने घासावीत. पेट्रोल नको, नेलपॉलिश काढायचे द्रव तर मुळीच नको, प्लॅस्टिक विरघळते. दिवसभर वाळू द्यावीत. मोटरीच्या दांड्याला शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब. खोबरेल नको, थंडीत गोठते आणि पुढे चिकट होते. दातेरी चाकांना प्लॅस्टिकला चालणारे पांढरे किंवा सिलिकॉनचे ग्रीस.

आणि इथे त्या घरात एक गंमत घडली. नवी चाके आली होती. मुलगा टेबलावर बसून चाकांना ग्रीस थापत होता, आपण पाटवडीवर खोबरे पसरतो तसे. वडील गिरणीतून जेवायला आले. पंधरा दिवसांत त्यांनी त्या टेबलाकडे पाहिले नव्हते. पण ज्या माणसाने वीस वर्षे गिरणीची बेअरिंगे सांभाळली आहेत, त्याला हे कसे सहन व्हावे? "एवढं वंगण घालतात का?" ते म्हणाले. "त्यात धूळ धरते. पूस ते. कुंकवाचं बोट लावतात तेवढं पुरे." मुलाने पुसले. वडिलांनी चाक हातात घेतले, दाताला दात भिडवून फिरवून पाहिले आणि म्हणाले, "हे घट्ट आहे. एक पातळ वायसर घाल."

बाईंनी लिहिले आहे, की त्या वेळी त्या ओट्याशी उभ्या राहिल्या आणि मुद्दाम काही बोलल्या नाहीत. शाबास! अशा वेळी आपण "बघा, बाबांना किती येतं" असे म्हणालो की दोघेही लाजून उठतात. मी त्यांना पूर्वीच्या पत्रात लिहिले होते, की यजमानांना ओढून आणू नका, दुरुस्तीचे आमिष करू नका. काम उघड्यावर चालू द्या. ज्याला ज्यातले कळते तो त्यापाशी आपणहून येतो.

वडिलांचे म्हणणे अजून तेच आहे, की न पाहता चार हजार द्यायला नको होते. ते खरेही आहे. मुलाचे म्हणणे, की वस्तू भंगारात घालण्याजोगी नव्हती. तेही खरे. दोघांचे खरे असू शकते, हे एका ताटाला बसून कळले तर बरे.

पट्ट्याचा ताण

पट्टा लहान लहान कड्यांचा असतो, कडी पिनेने जोडलेली. फार सैल असेल तर वळताना उतरतो, एक कडी कमी करावी. फार घट्ट असेल तर नवे दातेही झिजतात. वरच्या बाजूला किंचित झोल हवा, पावसाळ्यात वाळत घातलेल्या ओल्या दोरीसारखा. पहिली चाचणी हातात उचलून, पट्टे हवेत ठेवून घ्या. दुसरी फरशीवर. गालिचावर नको, कारण आता कळले ना!

रंगरूप: शर्मन आपल्याकडे कसा होता

आता सासूबाईंच्या प्रश्नाकडे येते. लढाईचे खेळणे घरात असावे का? मला वाटते, तोफ डागून "मेला, मेला" ओरडण्यापुरते असेल तर नसलेले बरे. पण ती वस्तू काय आहे हे मुलाला कळले तर प्रश्न बदलतो.

हा रणगाडा शर्मन जातीचा निघाला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने हे जवळजवळ पन्नास हजार बनवले. हिंदुस्थानी पलटणींकडेही ते होते. १९४५ साली ब्रह्मदेशात मेक्टिलाच्या बाजूला जी मोठी लढाई झाली तिच्यात प्रोबिन्स हॉर्स आणि डेक्कन हॉर्स या आपल्या घोडदळाच्या पलटणी घोडे सोडून शर्मनमध्ये बसलेल्या होत्या. पुढे वीस वर्षांनी, सप्टेंबर १९६५ मध्ये, पंजाबात खेमकरणजवळ असल उत्तर या गावी डेक्कन हॉर्सचे जुने शर्मन समोरच्या नव्या पॅटन रणगाड्यांपुढे उभे राहिले. आपल्या लोकांनी शेतांत पाणी सोडले, उसात रणगाडे दडवले, आणि पॅटन चिखलात रुतले. ग्रेनेडियर्सच्या अब्दुल हमीद यांनी याच रणांगणावर जीपवर बसवलेल्या तोफेने रणगाडे फोडले आणि तिथेच देह ठेवला. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. नव्या वस्तूला जुनी वस्तू डोक्याच्या बळावर भारी पडते, हा धडा नववीतल्या मुलाला वाईट नाही.

आणि दुसरी गोष्टही सांगावी. शर्मनच्या पोटात पाच माणसे बसत. प्रमुख, तोफ चालवणारा, गोळा भरणारा, चालक आणि त्याचा जोडीदार. सुरुवातीच्या शर्मनमध्ये गोळा लागला की आतला दारूगोळा लवकर पेटे. पुढे १९४४ पासून गोळे पाण्याच्या कप्प्यांनी वेढून ठेवायची सोय केलेले शर्मन आले, तेव्हा ते कमी झाले. बाईंनी हे सासूबाईंना आणि नातवाला एकत्र बसवून सांगितले. सासूबाई थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "पाच जण? एवढ्याशा जागेत?" मग त्यांनीच जुन्या खाकी पँटच्या कापडाच्या पाच चिमुकल्या वळकट्या करून दिल्या. खऱ्या रणगाड्यांवर माणसांचे अंथरूण-पांघरूण असेच मागे बांधलेले असते. त्या खेळण्याला घरपण आले ते त्या पाच वळकट्यांनी.

रंगाची कृती सोपी आहे. सगळे साबणाने धुऊन एक दिवस वाळवा. चकचकीत भागावर बारीक पॉलिश पेपर फिरवा. पट्टे आणि चाकांचे सांधे चिकटपट्टीने झाका, मऊ पट्ट्यांवर रंग टिकत नाही. आधी प्रायमर, मग ॲक्रिलिकचा ऑलिव्ह हिरवा, एका जाड हाताऐवजी तीन पातळ हात. वाळल्यावर गडद तपकिरी रंग पाण्यासारखा पातळ करून खाचांत सोडा आणि वरचा पुसून घ्या. मग फिकट रंगात ब्रश बुडवून फडक्यावर जवळजवळ कोरडा होईपर्यंत पुसा आणि कडांवरून हलकेच फिरवा. कडा उठून दिसतात. चिखलासाठी वस्त्रगाळ माती आणि फेविकॉल. जाळीसाठी चहाच्या पाण्यात रंगवलेले बँडेजचे कापड. दोरखंड सुतळीचा एक पदर सोडवून. पलटणीची चिन्हे अंदाजाने काढू नका, खऱ्या फोटोवरून काढा.

मुलाच्या वहीसाठी एक गणितही देते. मॉडेल एकास सोळा प्रमाणाचे आहे. खरा शर्मन सुमारे ५.८ मीटर लांब, म्हणजे मॉडेल साधारण ३६ सेंटिमीटर. खऱ्याचे वजन सुमारे ३० टन. मग मॉडेल किती किलोचे असावे? सोळाने भागू नका! लांबी, रुंदी, उंची तिन्ही सोळा पटीने घटतात, म्हणून १६ ला तीनदा गुणून येणाऱ्या ४,०९६ ने भागायचे. सव्वासात किलोच्या आसपास येते. म्हणूनच प्लॅस्टिकचा रणगाडा खऱ्यासारखा जड डुलत चालत नाही, उड्या मारतो. पोटात थोडे वजन ठेवले तर चाल सुधारते, पण बेताने. वजन वाढले की चाकांवर ताण येतो.

हिशेब आणि खरेदी

पैशाचा नियम मी सगळ्याच जुन्या वस्तूंना लावते. घेतलेल्या किमतीच्या निम्म्याहून अधिक दुरुस्तीला घालू नये. चार हजारांना घेतले तर दोन हजारांची हद्द. त्यांच्या घरी चार्जरसकट बॅटरी आणि चाकांचा संच मिळून एकोणीसशे लागले. तेवढे बाईंनी दिले आणि मुलाने सुटीत गिरणीवर बसून फेडायचे ठरले. हिशेब त्यानेच वहीत लिहिला आहे. सर्किट गेलेले निघाले असते तर मी थांबायला सांगितले असते. मग रंगवून शोकेसमध्ये ठेवावा, त्यातही मान आहे.

तुमच्यापैकी कुणाच्या घरी असे काही मागवायचे चालले असेल तर पैसे पाठवण्यापूर्वी एवढे मागा:

१. दोन्ही पट्टे पुढे आणि मागे चालताना, शिवाय बुरूज फिरताना, असा एकाच दमात घेतलेला व्हिडिओ. तुकडे जोडलेला नको.
२. रिमोटच्या आणि रणगाड्याच्या बॅटरीच्या कप्प्याचे फोटो.
३. बॅटरीवरचे आणि चार्जरवरचे छापील अक्षर वाचता येईल असे फोटो. जात जुळते ना, ते पाहा.
४. पोटाखालचा फोटो. स्क्रूंची डोकी चेपलेली असतील तर आधी कुणीतरी उघडून हात टेकले आहेत असे समजा.
५. शक्य तिथे माल पाहून पैसे.

आणि मुलांना सुटीत खरे रणगाडे दाखवायचे असतील तर अहिल्यानगरला, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरला, १९९४ साली सुरू झालेले कॅव्हलरी टँक म्युझियम आहे. १९६५ च्या युद्धातला पॅटन आणि आपल्याकडे आवडीला बनलेला विजयंता तिथे पाहायला मिळतो. उन्हात लोखंड तापते, म्हणून सकाळी जावे. टोपी, पाणी आणि दशम्या बरोबर असाव्यात. मुलांना त्या पोलादाशेजारी उभे करा आणि आत किती माणसे मावत असतील ते विचारा.

पुढच्या अंकी पावसाळ्याआधीच्या छत्र्या: मोडक्या काड्या, गंजलेला खटका आणि उसवलेली टोके. घरातल्या सगळ्या छत्र्या उघडून पाहून ठेवा. कुठली मोडली आहे ते मला कळवा, आणि पत्राबरोबर फोटो जरूर पाठवा.